काठावरचा माणूस

लक्ष्मीपुरीत उन्हाळ्याच्या भर दुपारी, रस्त्यावरचं डांबर मऊ झालेलं असताना, भूपालआप्पा चौगुले आपल्या दोरखंडाच्या दुकानात नारिंगी लाइफ जॅकेट घालून बसलेले असतात. आत पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, जॅकेटच्या पट्ट्याला शिट्टी. कपाळावरून घामाच्या धारा. बैलाला कासरा घ्यायला आलेला शेतकरी आधी आप्पांकडे बघतो, मग वर छताकडे बघतो आणि मग शेजारी माझ्या चष्म्याच्या दुकानात येऊन हळूच विचारतो, "म्हाताऱ्याचं डोस्कं ठीक हाय न्हवं?"

मी काय सांगणार? मला तरी कुठं माहीत होतं?

पहिल्यांदा मी सरळ विचारलं होतं. म्हटलं, "आप्पा, समुद्र घाटाखाली. रंकाळ्याच्या तळ्यात तुम्ही पाय घालत नाही. मग हे कशाला?"

"अंगाला सवय पाहिजे की," आप्पा म्हणाले. "होडीत बसल्यावर उकडतंय म्हणून माणूस ह्ये काढून बुडाखाली घेतो. बुडाखालच्या जॅकेटानं बूड तरतंय, माणूस न्हाय. किती उकडतंय त्ये मी बघालोय."

"पण होडीत कोण बसणार आहे?"

"हाय एक गिऱ्हाईक. देवगडकडलं. एकटंच जातंय समुद्रात, मासं धराय."

इथंच माझ्या डोक्यावरून पाणी गेलं. कारण आप्पा जैन. कांदा नाही, बटाटा नाही, लसूण नाही. दिवस मावळायच्या आत जेवण, मावळल्यावर तोंडात काही घालायचं नाही. दुकानात मुंगी दिसली तर कागदावर घेऊन बाहेर सोडून येतात. दावी, कासरे, विहिरीचे नाडे, ताडपत्र्या सगळं विकतात, पण जाळं आणि गळ विकत नाहीत. पंचगंगेवर मासे धरणारा एक पोरगा चुकून गळाची दोरी मागायला आला, तर त्याला अहिंसेवर इतकं ऐकवलं की बिचारा न घेताच निघून गेला. आणि असा माणूस कोणा एका कोळ्यासाठी जॅकेट घालून उकडून घेतो! मी आठवड्यातून चारदा मासे खाणारा माणूस, पण ते पकडून आणणाऱ्याला उकडतं का, हा विचार माझ्या मनाला कधी शिवला नव्हता.

आप्पांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "पाण्याला वळख नसती." गिऱ्हाइकानं भाव कमी करा म्हटलं तरी तेच आणि मी छत्री विसरलो तरी तेच. मग त्याच्या मागोमाग नियम यायचे. होडीच्या मशीनची चावी दोरीनं मनगटाला बांधायची, म्हणजे माणूस पाण्यात पडला की मशीन बंद पडतं, होडी त्याला सोडून पळत नाही. फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून गळ्यात अडकवायचा, होडीत ठेवायचा नाही. होडी उलटली तर फोन होडीबरोबर जातो. वाऱ्याचा अंदाज न बघता निघायचं नाही. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे काठावर एक माणूस पाहिजे. आपण कुठल्या अंगाला चाललोय, केव्हा येणार, हे त्याला ठाऊक पाहिजे, आणि वेळेत आलो नाही तर त्यानं बोंब मारली पाहिजे.

"एकटा माणूस एकटा नसतोय पोवार," आप्पा मला सांगायचे. "काठावर कोण तरी असलं तरच त्यो एकटा जाऊ शकतोय."

हे सगळं ते मला सांगायचे. मी चष्म्याच्या काचा पुसत मान डोलवायचो. दुसरं काय करणार?

पण ते फक्त मलाच सांगत असते तर एकवेळ चाललं असतं. एकदा गगनबावड्याकडचे एक निवृत्त मुख्याध्यापक माझ्याकडे चष्मा बनवायला आले. चांगले वयस्क, कोट घातलेले, सोबत सूनबाई. आप्पा सुट्टे पैसे मागायला आत आले आणि घाटाकडचे पाहुणे आहेत म्हटल्यावर तिथंच थांबले.

"पावणं, कधी होडीत बसलासा?"

"लहानपणी एकदा बसलो होतो," मुख्याध्यापक म्हणाले.

"लघवीला कसं ग्येलासा? हुभं ऱ्हाऊन?"

मुख्याध्यापकांनी तपासणीच्या चष्म्यातून माझ्याकडे बघितलं. सूनबाई भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वाचायला लागल्या. आप्पांना त्याचं काही नाही. ते समजावून सांगत होते की होडीच्या काठावर उभं राहून लघवी करताना तोल जाऊन जेवढी माणसं पाण्यात जातात तेवढी वादळात पण जात नाहीत, म्हणून होडीत एक डबा ठेवायचा आणि खाली बसून करायचं. "लाज परवडती पावणं," ते कळवळून म्हणाले, "तोल जाऊन परवडत न्हाय!"

मुख्याध्यापक चष्मा न घेताच गेले. पुन्हा आले नाहीत.

मला वाटलं, म्हाताऱ्याला वयाप्रमाणे एक खूळ लागलंय. कुणाला कबुतरांचं लागतं, कुणाला कुस्तीचं लागतं, ह्यांना समुद्राचं लागलं. पण खुळाला सुद्धा काही एक सरळ रेघ असते. आप्पांच्या खुळाला ती नव्हती. पहाटे देवगडहून मासळी घेऊन टेम्पो येतो, तो उतरवून परत जाताना आप्पांच्या दुकानासमोर थांबायचा. आप्पा नाकाला टॉवेल लावून बाहेर यायचे आणि ड्रायव्हरच्या हातात पार्सल द्यायचे. आत कधी शिट्टी, कधी बॅटरी, कधी नवा दोर. मासळीच्या टेम्पोला सकाळी सकाळी टॉवेल लावून भेटणारा जैन मी दुसरा पाहिलेला नाही. "एवढं गिऱ्हाईक लाडाचं आहे तर एकदा दाखवा तरी," मी म्हणायचो. आप्पा टॉवेल झटकत आत निघून जायचे.

मग विहिरीचा प्रसंग घडला.

आप्पांचं हुपरीच्या वाटेवर थोडं रान आहे, त्यात विहीर आहे. एका रविवारी त्यांनी मला स्कूटरवर मागं बसवून नेलं. सांगितलं एवढंच की दोराची एक परीक्षा घ्यायची आहे. तिथं गेल्यावर आप्पांनी जॅकेट चढवलं, पट्टे आवळले आणि एक दोर विहिरीच्या काठावरच्या झाडाला बांधून आत सोडला. त्या दोराला त्यांनी पाय अडकवायला एकाखाली एक, घोड्याच्या रिकिबीसारखे फास केले होते. होडीतून पडलेला एकटा माणूस परत होडीत चढू शकत नाही, हात थकतात, ओल्या कपड्यांचं वजन होतं. असा दोर होडीला कायम लटकता असला तर पाय देऊन वर येता येतं, असं त्यांचं म्हणणं.

"हे त्या गिऱ्हाइकाला करू दे की," मी म्हटलं.

"आन् फास सुटला म्हंजे?" असं म्हणून आप्पा विहिरीच्या पायऱ्या उतरले, शेवटच्या पायरीवर टोपी काढून ठेवली, डोळे मिटून काहीतरी पुटपुटले आणि पाण्यात शिरले. त्यांना पोहता येत नाही, हे मला तेव्हा कळलं. पाण्यात शिरल्यावर त्यांनीच सांगितलं.

जॅकेटनं काम चोख केलं. आप्पा बुचासारखे तरंगत होते. पण पाय फासात जाईना. एक पाय अडकला की दुसरा वर यायचा आणि आप्पा उताणे व्हायचे. तेवढ्यात शेजारच्या रानातल्या बायकांनी वाकून बघितलं आणि एकच गिल्ला केला, "म्हातारं हिरीत पडलं गं बाई!" रानातली गडीमाणसं धावत आली. त्यांनी काही न विचारता दोर धरला आणि ओढायला लागली. आप्पांचा एक पाय फासात, डोकं खाली, आणि खालून ओरडणं, "सोडा! आरं सोडा की! मी पडलो न्हाय, मी उतरलोय!" ते ओरडतील तसे वरचे आणखी जोरानं ओढत होते. मी मध्ये पडून दोन्ही बाजूंना समजावत होतो, तर एका गड्यानं मलाच दरडावलं, "तुमी बाजूला व्हा, म्हातारं भरमिष्ट झालंय."

शेवटी आप्पा काठावर आले, उलटे. श्वास घेतल्यावर पहिलं वाक्य काय, तर "फास मोठं पाहिजेत. बूट घातलेला पाय जायला पाहिजे." त्या आठवड्यात टेम्पोतून नवा दोर गेला, मोठ्या फासांचा.

पण ह्या सगळ्याहून मला बुचकळ्यात पाडायचा तो आप्पांचा फोन. घरून दुपारी डबा यायचा, त्यांच्या पत्नी कमलअक्का पाठवायच्या. दुकान रात्री उशिरा बंद होत असल्यामुळं संध्याकाळचं जेवण आप्पा दिवस मावळायच्या आत दुकानातच उरकायचे. उन्हं कलली की ते फोन काढून दोर तोलायच्या काट्यावर ठेवायचे आणि समोर बसायचे. फोन वाजायचा. आप्पा उचलायचे नाहीत, नुसते बघायचे. वाजून बंद पडायचा. मग थोड्या वेळानं पुन्हा वाजायचा, पुन्हा बंद. दुसऱ्यांदा बंद पडला की आप्पा जॅकेट काढायचे, हात धुवायचे आणि डबा उघडायचे. तेव्हा त्यांचा चेहरा नुकतीच आंघोळ घातलेल्या बाळासारखा दिसायचा. काही दिवशी फोन फार उशिरा वाजायचा, बाहेर दिवे लागलेले असायचे. तेव्हा आप्पा डबा तसाच पिशवीत घालून घरी न्यायचे. विचारलं तर म्हणायचे, "आज उपास हाय."

कसला उपास, कुठली तिथी, मी कॅलेंडर बघून थकलो. मेळ लागत नव्हता.

आता पुढचं ऐका आणि माझं काय चुकलं ते तुम्हीच सांगा. मागच्या थंडीतली गोष्ट. आप्पा मागच्या कोठारात ताडपत्री मोजत होते, मी त्यांच्या दुकानात पेपर वाचत बसलो होतो. काट्यावर फोन वाजला. नाव दिसत होतं, 'देवगड गिऱ्हाईक'. माणसाला माणुसकी असते. गिऱ्हाईक बिचारं रोज फोन करतं आणि म्हातारा उचलत नाही, निदान आज कोणीतरी बोलावं म्हणून मी उचलला.

"हॅलो, बोला."

पलीकडे वाऱ्याचा घूं घूं आवाज. मग एक तरणा आवाज, घाबरलेला. "कोण? कोण बोलताय?"

"मी शेजारचा पोवार. आप्पांचाच फोन आहे. बोला की."

फोन कट. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं.

आप्पा कोठारातून बाहेर आले ते धावतच. "उचललासा?"

"हो, तुमचं गिऱ्हाईक. काही बोलला नाही."

"मशीन वाजत हुतं काय मागं?"

"वारं होतं बहुतेक."

"वारं पाण्यावरलं का काठावरलं?"

आता वाऱ्याचा आवाज ऐकून ते कुठलं हे मला कसं कळणार? मी तसं म्हटलं. आप्पा मटकन दोराच्या वेटोळ्यावर बसले. मग त्यांनी सांगितलं. पहिली रिंग म्हणजे काठाला लागलो. दुसरी रिंग म्हणजे होडी वर ओढून बांधली, आता काळजी नाही. पहिली आली आणि दुसरी आली नाही, असं आजवर झालेलं नव्हतं.

आम्ही दुसऱ्या रिंगची वाट बघत बसलो. आली नाही. आप्पांनी फोन हातात घेतला, ठेवला, पुन्हा घेतला. मी म्हटलं, "लावा की तुम्हीच." लावला, तर फोन संपर्क क्षेत्राच्या बाहेर. मग त्यांनी टेम्पोवाल्या ड्रायव्हरला लावला, तो तिथल्याच बंदराजवळ राहतो. त्याला बघून यायला सांगितलं. थोड्या वेळानं त्याचा उलटा फोन आला. होडी वाळूला लागलेली आहे, पण बांधलेली नाही, आणि माणसाचा पत्ता नाही.

"चला, म्हणजे काठावर आहे," मी मोकळा श्वास सोडला.

"रिकामी होडी काठाला लागली म्हंजे काय, कळतंय व्हय तुमास्नी?" आप्पा केवढ्यानं तरी ओरडले. "माणूस पडला तर लाटा काय होडीला थांबवून धरतात व्हय? येती आपली एकटीच!"

बाहेर उन्हं भिंतीवरून वर सरकत होती. डबा समोर होता. मला भीती वाटायला लागली होती आणि भीती वाटली की मी काहीतरी बडबडतो. म्हटलं, "आप्पा, दिवस मावळेल. दोन घास खाऊन घ्या. शेवटी गिऱ्हाईकच ते."

"गिऱ्हाईक न्हाय त्यो," आप्पा म्हणाले. "माझा पोरगा हाय."

आप्पांचा मुलगा अभय कोकणात नोकरीला असतो, एवढंच मला माहीत होतं. तो असतो कोकणातच. पण नोकरी केव्हाच सोडली होती. एका मित्राच्या होडीत बसला, समुद्राची गोडी लागली, मग स्वतःची लहान होडी घेतली. घरी येऊन सांगितलं तेव्हा आप्पा म्हणाले, जीव मारून जगणारा ह्या उंबऱ्यात नको. पोरगा त्याच पावली गेला. तेव्हापासून बापलेकाचं बोलणं नाही. कमलअक्कांनी रडून एवढंच कबूल करून घेतलं की बोलू नका, पण जिवंत आहे एवढं तरी रोज कळू दे.

"मासं मारायचं पाप त्येचं त्याला," आप्पा म्हणाले. "पर त्यो बुडला तर त्ये पाप माझं हाय पोवार. घरातनं मी घालवलाय त्याला." आणि आमच्या लक्ष्मीपुरीत ज्याचा आवाज दोन गल्ल्या पलीकडे जातो तो माणूस टोपी तोंडावर धरून रडायला लागला.

दिवस मावळला. दिवे लागले, एकेक करून आजूबाजूची दुकानं बंद झाली. डबा तसाच. आजवरचे सगळे उपास कुठल्या तिथीचे ते मला तेव्हा कळले, आणि कळून काही उपयोग नव्हता. कमलअक्कांना कसं सांगायचं, कोणत्या गावच्या पोलिसांना फोन करायचा, देवगडला आत्ता निघायचं की सकाळी, आम्ही काहीच ठरवू शकत नव्हतो. शेवटी आप्पा उठले, म्हणाले, "गाडी बघा. घाट उतरूया."

मी गाडी बघायला बाहेर आलो, तर समोर एक मोटारसायकल येऊन थांबली. वरून एक तरणा पोरगा उतरला. पाय वाळूचे, अंगाला मासळीचा वास, आणि अंगात पट्टे लावलेलं नारिंगी लाइफ जॅकेट. तसाच घाट चढून आला होता. वाटेत गगनबावड्याच्या लोकांनी काय समजूत करून घेतली असेल कोण जाणे.

तो मला बाजूला सारून आत घुसला आणि आप्पांना बघून जागच्या जागी थांबला.

आप्पांनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. मग म्हणाले, "होडी बांधली न्हाईस."

"तुमचा फोन दुसऱ्यानं उचलला," अभय म्हणाला. "कधी कोण उचलत न्हाय. मला वाटलं, तुमास्नी काय तरी झालं."

"फोन लागंना तुझा."

"घाटात रेंज न्हाय."

मला वाटलं आता म्हातारा मिठी मारणार. आप्पा पुढं झाले, जॅकेटचा खालचा पट्टा दोन बोटांनी ओढून बघितला आणि करकचून आवळला. "ह्यो सैल हाय," म्हणाले. "पाण्यात वर सरकतंय. किती डाव सांगायचं." सांगितलं त्यांनी कधीच नव्हतं, बोलणंच नव्हतं. पण अभय म्हणाला, "व्हय आप्पा." पट्टा आवळून झाला तरी आप्पांचा हात बराच वेळ तिथंच होता.

मग त्यांनी डबा पुढं सरकवला. "आईनं भाकरी दिलीया. खा."

अभयनं बाहेरच्या अंधाराकडे बघितलं. "दिवस मावळलाय की."

"मग?"

"मी रात्रीचं खात न्हाय, आप्पा."

मी एकदा ह्याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होतो. दिवसभर मासे मारायचे आणि रात्री भाकरीला शिवायचं नाही, हे कुठल्या हिशेबात बसतं ते मला आजही सांगता येणार नाही. आप्पांनाही नसावं. पण त्यांनी डब्याचं झाकण घट्ट लावलं आणि म्हणाले, "चल घरला. आई जागी हाय." जाताना मला म्हणाले, "कुलूप तुम्ही लावा, पोवार." दोघं एका मोटारसायकलवरून गेले. मागं बसलेल्या आप्पांनी पोराच्या जॅकेटचा पट्टा धरला होता. मी घरी गेलो आणि बायकोनं ताट वाढलं, बांगडा होता. मला जेवण गेलं नाही.

अभय दोन दिवस राहून परत समुद्रावर गेला. मासेमारी सोडली नाही, आप्पांनीही ते पाप आहे म्हणायचं सोडलं नाही. बापलेक आता फोनवर बोलत असतील असं मला वाटलं, पण नाही. उन्हं कलली की फोन काट्यावर येतो, दोनदा वाजतो, आप्पा उचलत नाहीत. मला तर त्या बाजूला बघायची पण बंदी आहे. फरक एवढाच की आता आप्पा भराभर डबा खातात, हात धुतात आणि मग स्वतः फोन उचलून एकदा वाजवून बंद करतात.

मी एक दिवस विचारलंच. "ही तिसरी कशाला?"

"म्हंजे मी जेवलो," आप्पा म्हणाले. "त्याबिगर त्यो जेवत न्हाय. काठावरचा माणूस बरा हाय, ह्ये पाण्यावरच्याला कळाय नगं व्हय?"